उपाशी पट्ट्यातला एकशे बारा

गव्हाला खत घालायचं तर सगळ्याला घालावं, नाहीतर कोणालाच घालू नये, असं शालूचं मत होतं. पण संशोधन केंद्रात रोजंदारीवरच्या बाईला मत विचारायची पद्धत नव्हती, आणि मत सांगत बसायला शालूला सवडही नव्हती. पौषातल्या थंडीत अनवाणी पायांनी वाफ्यात उभं राहायचं, तोलून बांधलेली युरियाची पुडी ओळीओळीनं सारखी उधळायची आणि पुढच्या वाफ्याला सरकायचं. बोटांच्या चिरांत युरिया चुरचुरत होता. केंद्रानं हातमोजे दिले होते, पण बायकांनी ते पहिल्याच आठवड्यात भांडी घासायला घरी नेले होते.

केंद्राचं शेत कात्रजच्या अलीकडं दोन सोसायट्यांच्या मध्ये सापडलं होतं. एका अंगाला उड्डाणपूल, दुसऱ्या अंगाला बारा मजली इमारती. वर गॅलऱ्यांत चादरी वाळत असत आणि खाली गहू वाढत असे. पाहुण्यांना हे शेत म्हणजे मोठं नवल वाटे. वाकून काम करणाऱ्या बायकांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, त्यांना कंबर दुखत असे.

शेताचे तीन पट्टे केले होते. पहिल्याला खत पुरं, पाणीही पुरं. दुसऱ्याला सगळंच निम्मं. तिसऱ्याला खताचा कण नाही आणि पाणी जीव धरण्यापुरतं. कागदावर त्यांना काहीतरी लांबलचक नावं होती. बायका त्यांना पोटभर, अर्धपोटी आणि उपाशी म्हणत. गव्हाच्या वीसेक नव्या जाती प्रत्येक पट्ट्यात चार-चार ठिकाणी पेरल्या होत्या. कोणती जात पोटभर खाऊन किती देते आणि उपाशी ठेवली तर किती देते, हे बघायचं होतं. स्पृहा मॅडमनी हे बायकांना नीट समजावून सांगितलं होतं. मॅडम तिशीच्या, गव्हाच्या जाती तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ, उन्हात बायकांबरोबर उभ्या राहणाऱ्या. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नव्हती.

"समजलं समदं," आम्रपाली शालूच्या शेजारच्या ओळीतून म्हणाली. ती शालूपेक्षा वयानं लहान, पण जिभेनं थोर. "पर माझ्या सासूनं पंगतीत असं वाढलं असतं, तर भावकीनं तिच्या तोंडात शेण घातलं असतं. एकाला तूप, एकाला नुसतं पाणी."

"गप. मॅडम हापिसाच्या खिडकीत हायती," शालू म्हणाली.

उपाशी पट्ट्यातला गहू पिवळट पडला होता. पानं बारीक, फुटवे दोन-तीनच. त्यात एकशे बारा नंबरचे वाफे आले की शालूची नजर तिथून हलत नसे. कारण एकशे बारा तिचा होता. कागदोपत्री तो केंद्राचा, पण जन्माला घातला तो शालूनं. आठ-नऊ वर्षांपूर्वी, मॅडमच्या आधीच्या साहेबांच्या वेळी, ती स्टुलावर बसून संकराचं काम करायची. कोवळ्या ओंबीचं एकेक टरफल चिमट्यानं उघडायचं, आतले तीन-तीन हिरवट परागकोश अलगद काढून टाकायचे, वर कागदी पिशवी घालायची, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जातीची ओंबी आणून तिचा पराग आत झटकायचा. बायका त्याला लगीन लावणं म्हणत आणि नवऱ्यामुलाच्या ओंबीवरून नाही नाही ते बोलून हसत. त्या वर्षी उन्हाचा ताव चढला आणि बरीच लग्नं वाया गेली. शालूच्या एका पिशवीत मात्र मोजके सुरकुतलेले दाणे धरले. त्या दाण्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड होत होत आता एकशे बारा झाला होता. तो दरवर्षी छाटणीतून वाचला की शालू घरी जाऊन गोडाचं करी. घरच्यांना वाटे, चतुर्थी असेल.

तो असा उपाशी उभा बघणं तिला होईना. पोटच्या पोराला मुद्दाम भुकेलं ठेवून लोकांनी त्याचं वजन करायचं, ही कसली रीत, असं तिच्या मनात सारखं येई. कडेच्या ओळींना टाकायच्या खताची बादली तिच्याजवळच होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, बादलीतून युरिया लुगड्याच्या ओच्यात घेतला आणि उपाशी पट्ट्यातून परत येताना एकशे बाराच्या वाफ्यात मूठभर सोडला. मग दुसऱ्या ठिकाणी. मग तिसऱ्या. चौथा वाफा मॅडमच्या खिडकीखाली होता. तिथं तिचा हात धजावला नाही. खिडकीखालच्यासाठी तिला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

गहू पोटरीत आला, ओंब्या पानाच्या आवरणात भरू लागल्या, तेव्हा तिनं पुन्हा एकदा तसंच केलं. एवढ्यानं काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपण स्वतःच पंगतीत आपल्या पोराच्या पानावर चोरून तूप सोडतोय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईला पंगतीचा न्याय कुठला सुचायला!

घरी वेगळंच चाललं होतं. शालूचा नवरा हिंदुराव सगळी हयात शेती केलेला माणूस. गाव शहरात गेलं, जमिनी गेल्या. उरला तो घाटाच्या पायथ्याचा अर्धा एकर. कोरडं, मुरमाड रान. शेजारची विहीर बुजवून तिच्यावर कुणी बंगला बांधल्यापासून तिथं पाण्याचा थेंब नव्हता. गेल्या दोन रब्बींना हिंदुरावनं खत घालून गहू पेरला आणि दोन्ही वेळा तो पाण्यावाचून करपून गेला. तरी तो रोज बस धरून रानात जाई आणि संध्याकाळी धुळीनं भरून परत येई. तिथं दिवसभर काय करता, असं विचारायचं धाडस कुणाला होत नसे.

मुलगा साईनाथ शाळेची व्हॅन चालवायचा. त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढलाच.

"आबा, तो ट्रॅव्हल्सवाला परत भेटला. बस लावायला जागा मागतोय. महिन्याच्या महिन्याला भाडं देतो म्हणतोय. जरा प्रॅक्टिकल बघा."

"रान हाय ते," हिंदुराव म्हणाला. "गाड्यांचा गोठा न्हाई."

"मग पिकवून दाखवा ना. खत घातलं, ते पण फुकट. पाणीच नाही तिथं. लोक हसतात आपल्याला."

"साईनाथ, जेवू द्या त्यांना," त्याची बायको शेफाली हळूच म्हणाली.

हिंदुरावनं भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. खाली मान घालून तो ताटाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. तीस वर्षांच्या संसारात शालूनं त्याला चिडलेला बघितला होता, थकलेला बघितला होता. असा निरुत्तर कधी बघितला नव्हता. तिला ते सोसवलं नाही.

"आमच्यात एक गहू हाय," ती बोलून गेली. "एकशे बारा. खताचा कण न्हाई, पानी दोनदाच, आन्‌ तरी बघा कसा हिरवागार डुलतोय."

हिंदुरावनं मान वर केली. "काय बी न घालता?"

इथं तिला थांबता आलं असतं. पण नवऱ्याच्या डोळ्यांत उजेड आला होता आणि तो विझवायचं बळ तिच्यात नव्हतं.

"काय बी न घालता," ती म्हणाली. "माज्या हातचा हाय तो."

"मग त्यो पेरायचा," हिंदुराव म्हणाला आणि भाकरी उचलून पुन्हा जेवायला लागला. "येत्या रब्बीला आपल्या रानात तुझा गहू."

साईनाथ हसला, पण वाईट हसला नाही. "चालेल. काढणीला त्याचं वजन येऊ दे. बिनखताचा खरंच नंबर लागला, तर मी परत पार्किंगचं नाव काढणार नाही. नाही लागला, तर मी त्या माणसाला हो सांगणार. मग तुम्ही आडवं यायचं नाही. कबूल?"

"कबूल," हिंदुराव म्हणाला.

त्या रात्री शालूनं ताट तसंच सरकवलं. शेफालीनं विचारलं तेव्हा तिनं पित्त झालंय म्हणून सांगितलं.

फाल्गुनात गहू रंगावर आला. दाणे भरताना पाखरं फार, म्हणून शालूला डबा वाजवत राखणीला बसवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे श्रीधरपंत, बँकेतून निवृत्त झालेले, रोज गॅलरीत येऊन तिचा समाचार घेत.

"अहो बाई, वाजवायचंच आहे तर तालात तरी वाजवा. पाखरं जात नाहीत, आमचे पाहुणे मात्र गेले."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिनं वर बघितलंही नाही, कारण फाटकातून हिंदुराव येताना दिसत होता. इस्त्रीचा सदरा, डोक्याला धुतलेली टोपी. एकशे बारा बघायला तो मुद्दाम आला होता, आणि स्पृहा मॅडम स्वतः त्याला घेऊन वाफ्यांकडं येत होत्या.

"काका, हे बघा," मॅडमचा चेहरा फुलला होता. "ह्याच्या शेजारचे बघा आणि हा बघा. इतकी वर्षं आम्ही असाच गहू शोधतोय. कोरडवाहू शेतकऱ्यांकडं ना पाणी, ना खताची ऐपत. त्यांच्यासाठी आहे हा. येत्या रब्बीत मी शंभरेक शेतकऱ्यांना बियाणं देणार आहे. तुम्हाला देऊ?"

हिंदुरावनं एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिला.

"मंडळीच्या हातचा हाय म्हनं," तो म्हणाला.

"हो तर. शालूमावशींनीच केलेला संकर आहे. रेकॉर्डला आहे."

हिंदुराव बायकोकडं वळला. चारचौघांत बायकोकडं असं बघायची त्याची पद्धत नव्हती. शालूनं पटकन डबा उचलला आणि पाखरं नसलेल्या कोपऱ्याकडं बघून बडवायला सुरुवात केली.

तेव्हापासून हिंदुराव माणसात आला. पारावर, चहाच्या गाडीवर त्याचा एकच विषय. बायकोनं गहू काढलाय, नुसत्या हवेवर येतोय. लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि तो चढत होता. रानातले दगड वेचायला त्यानं सुरुवात केली. ऐन उन्हात पहार घेऊन मुरमातले धोंडे उकरायचे, घमेल्यात घालून कडेला नेऊन टाकायचे. साठी उलटलेल्या माणसाचं हे काम नव्हे. संध्याकाळी तो उपडा झोपे आणि शालू त्याच्या कमरेला तेल चोळी. त्याच्या तळहातांवर फोड येऊन फुटले होते.

"कशाला येवढं वढून घेताय?" ती म्हणे.

"मूळ खाली जायला नगं व्हय? त्याला खायाला न्हाई, निदान पसराय तरी जागा पायजे."

तेल चोळता चोळता शालू मनात शब्द जुळवी. आज सांगू, उद्या सांगू करत चैत्र उजाडला.

काढणीला बायकांनी एकेक वाफा वेगळा कापला, वेगळ्या पेंढ्या बांधल्या, पेंढीला वाफ्याची चिठ्ठी लावली. लहान मळणीयंत्रावर एकेका वाफ्याची मळणी करून दाणे वेगळ्या पिशवीत भरायचे आणि स्पृहा मॅडमच्या काट्यावर न्यायचे. भूस नाकातोंडात, पदराच्या आत, पापण्यांवर. आम्रपालीला शिंकांनी उभं राहवेना. दुपारी पोटभर आणि अर्धपोटी पट्टे संपले आणि उपाशी पट्ट्यातल्या पिशव्या काट्यावर चढायला लागल्या.

एकशे बाराची पहिली पिशवी चढली आणि मॅडमनी काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. दुसरी चढली. तिसरी चढली. मॅडम टाळी वाजवून उठल्याच. "मावशी! अहो, अर्धपोटी पट्ट्यातल्या गव्हाला भारी पडतोय तुमचा उपाशी!"

मग खिडकीखालची पिशवी आली. ती शालूनंच आणली होती. हातात घेतानाच तिला कळलं होतं. काट्यावर ठेवली, उपाशी पट्ट्यातल्या पिशव्यांत ती सगळ्यांत हलकी निघाली.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खिडकीकडं बघितलं, इमारतीकडं बघितलं. "सावली पडत असणार भिंतीची. नाहीतर तिथं पूर्वीचं बांधकामाचं डबर असेल जमिनीत. एकच वाफा असा वेडावाकडा आलाय. तो आपण हिशेबातून वगळू. बाकी तिन्ही इतके सारखे आहेत की शंकेला जागाच नाही." त्यांनी फोन काढला. "थांबा, सरांना कळवते आधी."

त्या सगळ्या शेतात खरा बोलणारा वाफा तेवढाच एक होता, आणि तोच बाद होत होता. शालूच्या डोळ्यांपुढं हिंदुरावच्या तळहातावरचे फोड आले. मग तिला अशीच दुसरी माणसं दिसायला लागली. तिकडं सासवडच्या, जेजुरीच्या अंगाला मुरमाड रानात धोंडे वेचणारी, तिची ओळखदेख नसलेली.

"मॅडम, फोन करू नगा," ती म्हणाली.

"का हो?"

"त्यो वगळू नगा. त्योच खरा हाय. बाकीच्यास्नी म्या घातलंय."

"काय घातलंय?"

"खत. बादलीतलं. दोन बारीला." तिनं हात पुढं करून मूठ वळून दाखवली. "येवढं."

मळणीयंत्र थांबलं होतं. आम्रपाली तोंडाला पदर लावून उभी होती. स्पृहा मॅडम बारदानाच्या थप्पीवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या चष्मा काढून ओढणीनं पुसत राहिल्या. चष्म्यावर भूस होतं तेवढंच होतं.

"का पण, मावशी?"

"उपाशी बघवंना."

"तो उपाशी राहिला असता तरच मला त्याचं खरं कळलं असतं ना." मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पोटभर पट्ट्यात हा सगळ्यांच्या पुढं आहे. आणि उपाशी ठेवला तर सगळ्यांच्या मागं. खादाड आहे तुमचा गहू, मावशी. शंभरभर लोकांना मी तो बिनखताचा म्हणून वाटणार होते. त्यांनी माझ्या भरवशावर शेतं पेरली असती." त्या उठल्या. "तुमच्या घरच्यांनासुद्धा देणार होते. त्यांना सांगितलंत?"

शालूनं नकारार्थी मान हलवली.

"सांगा. आणि उद्यापासून वाफ्यात उतरू नका. मला हे वर कळवावं लागेल. तुम्हाला ठेवतील की नाही, ते माझ्या हातात नाही." फाटकाकडं जाताना त्या मागं वळल्या. "मला न सांगता गप्प बसला असतात तर कुणालाही कळलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या रागानं म्हणाल्या की कसं, ते शालूला उमगलं नाही.

घरी हिंदुराव दारातच बसला होता. साईनाथही लवकर आला होता. वजनाचा दिवस दोघांना ठाऊक होता.

"काय आलं?" हिंदुरावनं विचारलं.

तिनं चपला काढल्या, पाय धुतले आणि उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मूठ सांगितली, ओचा सांगितला, खिडकीखालचा वाफा सांगितला. साईनाथ जिंकला होता, पण त्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. शेफाली आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"मला कशाला म्हनलीस मग?" हिंदुराव शेवटी म्हणाला. "गव्हाला घातलंस ते घातलंस. मला कशाला सांगितलंस, काय बी न घालता येतोय म्हनून?"

"तुमचं त्वांड बघवंना," शालू म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

हिंदुराव उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. दारात उभा राहून त्यानं मुलाला हाक मारली. "साईनाथ, बोलीव त्या गाडीवाल्याला."

ट्रॅव्हल्सवाल्याला जागा सपाट हवी होती. साईनाथनं जेसीबी सांगितला होता, पण त्या सकाळी हिंदुराव अंधारातच फावडं आणि घमेलं घेऊन निघाला आणि शालूही मागोमाग निघाली. केंद्रातून तिला निरोप आला नव्हता, आणि आता येईल असंही वाटत नव्हतं. रानात पोचल्यावर हिंदुरावनं सदरा काढून झाडाला अडकवला आणि मधल्या बांधाला फावडं घातलं. बांध त्याच्या बापानं घातलेला, वर घाणेरीची आणि हरळीची जाळी. एकेका घावाला मुळं तटातट तुटत होती. तो खणायचा, शालू घमेलं भरून खालच्या सखल भागात नेऊन ओतायची.

ऊन चढल्यावर साईनाथ आला. "आबा, जेसीबीवाला येतोय. तो एका फेरीत काढेल. तुम्ही कशाला..."

"त्याला काय ठावं, बांध कसा काढायचा त्ये," हिंदुराव म्हणाला. साईनाथ फाटकाचे खांब कुठं रोवायचे ते बघायला पलीकडं गेला.

बरीच माती निघाली. हिंदुराव फावड्याच्या दांड्यावर रेलून दम खात होता. अचानक त्यानं विचारलं, "खादाड म्हंजी किती खातंय गं ते?"

शालूनं सांगितलं. पुरी पुडी, दोन बाऱ्यांत. आणि पाच पाणी.

"आन्‌ तेवढं घातलं, तर?"

"तर समद्यांच्या फुडं. मॅडमच म्हनल्या."

हिंदुरावनं मान डोलावली. घाम डोळ्यांत चालला होता, तो त्यानं दंडानं पुसला.

"मग वंगाळ कुठं हाय त्ये," तो म्हणाला. "गुनाचंच हाय की. आपल्याकडं घालाय नव्हतं, त्याला त्ये तरी काय करील."

त्यानं फावडं उचललं. शालूनं डोळे पुसले नाहीत, हात मातीचे होते. भरलेलं घमेलं तिनं डोक्यावर घेतलं आणि जिथून बस आत येणार होत्या त्या खड्ड्यात नेऊन ओतलं.